अजिंठ्याच्या प्रतींचा इतिहास

अजिंठ्याची लेणी पाहून परत आलेल्या मनुष्यास त्याने तेथे काय पाहिले असे विचारावे, म्हणजे तो बहुधा पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचे वर्णन करू लागतो. हातातील कमळ, किंचित झुकलेली मान, अर्धोन्मीलित नेत्र, मस्तकावरील रत्नखचित मुकुट हे सर्व तो मोठ्या आवडीने सांगतो. परंतु थोडे खोलात जाऊन विचारले असता असे आढळून येते की, यांतील पुष्कळसा तपशील त्याने लेण्यात पाहिलेलाच नसतो. लेण्यात उजेड मंद होता, मागे उभे असलेले लोक पुढे सरकण्याची घाई करीत होते, आणि चित्रासमोर त्यास जेमतेम दोनचार मिनिटे मिळाली होती. पद्मपाणीची व त्याची ओळख फार पूर्वीची. ती शाळेच्या पुस्तकात झाली, भिंतीवरील दिनदर्शिकेत झाली, एखाद्या स्नेह्याच्या दिवाणखान्यातील तसबिरीत झाली. लेण्यात जाऊन त्याने ती जुनी ओळख ताजी केली इतकेच.

यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. अजिंठा जगाच्या परिचयाचा झाला तोच मुळी प्रतींच्या द्वारे. प्रथम हातांनी काढलेली तैलचित्रे, मग काचेवर घेतलेली छायाचित्रे, त्यानंतर त्या दोहोंवरून सिद्ध झालेले मोठमोठे ग्रंथ, अशा परंपरेने हे दर्शन आपल्यापर्यंत आले आहे. अलीकडे वॉल्टर स्पिंक यांच्या ‘अजंता : हिस्टरी अँड डेव्हलपमेंट’ या ग्रंथाचे सात खंड 2005 ते 2017 या काळात प्रसिद्ध झाले, आणि डीटर श्लिंगलॉफ यांनी भित्तिचित्रांतील कथांची जी चिकित्सा जर्मन भाषेत केली होती तिचे इंग्रजी रूपांतर 2013 साली निघाले. हे ग्रंथ चाळीत असता एक गोष्ट पुनःपुन्हा मनात येते. अजिंठ्याविषयी, आणि अजिंठ्याच्या आधारे दक्षिणेच्या प्राचीन इतिहासाविषयी, विद्वानांनी जी मते वेळोवेळी मांडली, त्यांत त्यांच्यासमोर कोणती प्रत होती या गोष्टीचा वाटा फार मोठा आहे. म्हणून मूळ चित्रांचा इतिहास क्षणभर बाजूस ठेवून त्यांच्या प्रतींचा इतिहास स्वतंत्रपणे पाहणे उपयोगाचे होईल, असे आम्हांस वाटते.

प्रारंभीच एक अपशकुन घडला आहे. 28 एप्रिल 1819 रोजी मद्रास फौजेच्या घोडदळातील जॉन स्मिथ नावाचा अधिकारी वाघाच्या शिकारीस निघाला असता वाघूर नदीच्या घळीत येऊन पोहोचला, आणि दहाव्या लेण्यातील एका रंगविलेल्या खांबावर त्याने आपले नाव व तारीख खरवडून ठेवली. या घटनेस अजिंठ्याचा ‘शोध’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. आसपासच्या गावकऱ्यांस ही लेणी ठाऊक नव्हती असे मुळीच नाही. फार तर युरोपीय जगास ती या दिवसापासून ठाऊक झाली असे म्हणता येईल. परंतु त्या जगाच्या पहिल्या प्रेक्षकाने प्रथम केलेली गोष्ट म्हणजे चित्रावर ओरखडा, हे विसरता येत नाही. पुढेही कित्येकांनी नावे कोरली. कित्येकांनी चित्रांचे तुकडे काढून नेण्याचा प्रयत्न केला, आणि पुष्कळ ठिकाणी गिलाव्याचा हाती चुराच आला. बोस्टनच्या संग्रहालयात अजिंठ्याच्या भिंतीचा एक तुकडा आज सुखरूप आहे. पण तो ज्या भिंतीवरून निघाला तिच्यावर त्याची जागा रिकामी आहे.

ही चित्रे इतकी नाजूक का, हेही येथे सांगितले पाहिजे. काळ्या पाषाणाच्या खडबडीत भिंतीवर मातीचा गिलावा चढविला आहे. त्या मातीत भाताचा तूस, वनस्पतींचे तंतू इत्यादी द्रव्ये मिसळली आहेत. त्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो वाळल्यावर चित्रे रंगविली आहेत. इटलीतील खऱ्या ‘फ्रेस्को’ पद्धतीत रंग ओल्या चुन्यात मुरतो व भिंतीचाच अंश होऊन बसतो. अजिंठ्याचा रंग कोरड्या पृष्ठभागावर बसलेला आहे. कीटक गिलाव्यातील तूस खातात, पावसाचे पाणी दगडातून झिरपते, आणि चित्राचा एखादा पापुद्रा काही निमित्त नसता गळून पडतो. तेव्हा येथे प्रत करण्याचा प्रश्न केवळ हौसेचा नव्हता. प्रत झाली नाही तर काहीच उरणार नाही, अशी भीती ज्यांनी ही चित्रे प्रथम आस्थेने पाहिली त्या सर्वांस वाटली आणि ती रास्त होती.

जेम्स फर्ग्युसन हे 1839 साली अजिंठ्यास जाऊन आले. 1843 साली त्यांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांवर निबंध वाचला, आणि सोसायटीच्या विनंतीवरून ईस्ट इंडिया कंपनीने 1844 साली मद्रास फौजेतील कॅप्टन रॉबर्ट गिल यांस चित्रांच्या प्रती करण्याच्या कामावर नेमिले. गिल यांनी पुढील जवळजवळ वीस वर्षे त्या रानात काढली. पारो नावाच्या तेथील स्त्रीशी त्यांचा जो स्नेह जडला तो मराठी काव्याचा व चित्रपटाचा विषय होऊन बसला आहे. ती कथा रसिकांस परिचित असल्यामुळे तिचा विस्तार येथे करीत नाही. आपणांस कर्तव्य आहे ते त्यांच्या कामाशी. अंधाऱ्या लेण्यात, वटवाघळांच्या संगतीत, चित्र जेवढे आहे तेवढ्याच आकाराच्या कापडावर ते तैलरंगांत उतरवून घ्यावयाचे, गुंडाळी करून बंदरावर पोहोचवावयाचे आणि तेथून विलायतेस पाठवावयाचे, असा हा उद्योग होता.

या प्रतींपैकी बहुतेक लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. 30 डिसेंबर 1866 रोजी त्या इमारतीस आग लागली आणि मोजके अपवाद वजा करता गिल यांचे सारे कार्य काही तासांत भस्म झाले. रानात असता ज्या प्रती वाळवी, ओल व ताप यांतून वाचल्या, त्या जगातील एका सुप्रसिद्ध प्रदर्शनगृहात जळाल्या. यातही एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. श्रीमती स्पीयर यांचे प्राचीन हिंदुस्थानातील जीवनावरील पुस्तक 1856 साली निघाले होते, आणि त्यात गिल यांच्या काही प्रतींवरून जॉर्ज शार्फ यांनी काढलेली लहान रेखाचित्रे छापली होती. मूळ प्रती गेल्या. पुस्तकातील ती बोटभर रेखाचित्रे मात्र राहिली. प्रतीची प्रत, तीही रंगाविना, हाच काय तो काही चित्रांचा अवशेष. छापील पुस्तक हा इतिहासाचा किती चिवट पहारेकरी आहे, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

परंतु आग लागण्यापूर्वीच गिल यांच्या हाती दुसरे एक साधन आले होते. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि या नव्या कलेचे वेड शहरातील सुशिक्षित वर्गास लागले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर त्या काळचे नामांकित छायाचित्रकारच होते. गिल यांनीही अजिंठ्यास कॅमेरा नेला. त्यांनी घेतलेल्या 74 छायाचित्रांसह फर्ग्युसन यांचे ‘द रॉक-कट टेंपल्स ऑफ इंडिया’ हे पुस्तक 1864 साली लंडन येथे जॉन मरे यांनी प्रसिद्ध केले. छायाचित्र छापखान्यात छापण्याची सोय तेव्हा झाली नव्हती. कागदावर उमटविलेले प्रत्येक छायाचित्र हाताने पानावर चिकटवावे लागे. म्हणजे हे पुस्तक अर्धे पुस्तक व अर्धी चित्रवही असे होते.

आता एखाद्यास असे वाटेल की, कॅमेरा आल्यावर प्रतकाराचे काम संपले. भिंतीस हात न लावता, क्षणार्धात, कोणाच्याही आवडीनिवडीचा स्पर्श न होता चित्र जसेच्या तसे मिळू लागले. वस्तुस्थिती याहून फार वेगळी होती. त्या काळच्या पद्धतीत काचेवर कलोडियनचा थर देऊन ती रौप्यक्षाराच्या द्रावणात बुडवीत, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालीत, आणि ती वाळण्याच्या आत तिच्यावरील प्रतिमा उमटवून घेत. लेण्याच्या तोंडाशीच अंधारी खोली मांडून हा सारा खटाटोप करावा लागे. उन्हात उभ्या असलेल्या दर्शनी कमानीचे चित्र यात उत्तम येई. आतल्या भिंतीसाठी लागणारा प्रकाश मात्र मिळत नसे. याहूनही मोठी अडचण रंगांची होती. ही ओली काच निळ्या प्रकाशास फार संवेदनशील असून तांबड्या व पिवळ्या प्रकाशाची तिला जवळजवळ दखलच नसे. अजिंठ्याचे रंग कोणते? गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ, चुना, आणि क्वचित् दूरदेशाहून आणलेला राजावर्ताचा निळा. म्हणजे ज्या गेरूने व पिवळ्या मातीने या चित्रांतील माणसांस कांती दिली, ती कांती छायाचित्रात काळवंडून जाई, आणि ज्या निळ्याने सावलीत खोली आणली तो पांढराफटक पडे. यंत्र निःपक्षपाती असते हा समज किती भाबडा आहे, हे अजिंठ्याच्या भिंतीने तेव्हाच दाखवून दिले. सर्व रंगांस सारखा न्याय देणाऱ्या काचा विसाव्या शतकाच्या आरंभी बाजारात येईपर्यंत ही उणीव राहिलीच.

म्हणून पुन्हा कुंचल्याकडे वळावे लागले. मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 च्या सुमारास आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यास प्रतींचे काम आरंभिले व ते 1885 पर्यंत चालले. त्या विद्यार्थ्यांत पुढे चित्रकार म्हणून ख्याती पावलेले पेस्तनजी बोमनजी हे होते. या मंडळींनी सुमारे तीनशे प्रती तयार केल्या. त्या लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या, आणि 1885 साली तेथेही आग लागून त्यांतील शंभरच्या आसपास प्रती नष्ट झाल्या. एकाच चित्रमालेच्या प्रती वीस वर्षांच्या आत एकाच शहराच्या परिसरात दोनदा जळाव्यात, हा योगायोग कथेत घातला असता तर वाचकाने लेखकास अतिशयोक्तीचा दोष दिला असता. उरलेल्या प्रतींच्या आधारे ग्रिफिथ्स यांनी 1896 व 1897 साली दोन भव्य खंड प्रसिद्ध केले. आज ज्या चित्रांचा भिंतीवरील भाग गळून गेला आहे, अशा कित्येकांसाठी हे खंडच अभ्यासकाचा एकमेव आधार आहेत.

येथे एक अप्रिय सत्य सांगणे भाग आहे. गिल यांच्यापासून ग्रिफिथ्स यांच्यापर्यंतच्या काळात, धुरकटलेले चित्र नीट दिसावे म्हणून मूळ भिंतीवर रोगण चढविण्यात आले. ओले रोगण लागताच रंग उजळत आणि प्रत उत्तम उतरे. वर्षे लोटली तसतसे ते रोगण पिवळे व मग तपकिरी पडले, त्यावर धूळ बसली, आणि जे स्पष्ट दिसावे म्हणून हा उपाय केला तेच अधिक झाकले गेले. प्रत लंडनला जळाली आणि तिच्यासाठी लावलेले रोगण अजिंठ्यास शिल्लक राहिले. हा दोष देताना त्या काळच्या लोकांवर रागावण्यात अर्थ नाही. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्यास यत्किंचित् जागा नाही. परंतु प्रेमाने केलेल्या कृत्याचाही हिशेब इतिहासास ठेवावा लागतो.

हातांनी केलेल्या प्रतीत दुसरा एक धोका असतो, तो अर्थाचा. प्रतकार भिंतीचा एक भाग निवडतो, त्याभोवती चौकट कल्पितो, आणि तेवढेच उतरवितो. सोळाव्या लेण्यात आसनावर कलंडलेल्या, मान टाकलेल्या, सख्यांनी सावरून धरलेल्या एका स्त्रीचे चित्र आहे. ग्रिफिथ्स यांनी त्याची प्रत केली आणि ‘मरणोन्मुख राजकन्या’ या नावाने ते जगभर गाजले. विलायतेतील रसिकांनी त्यातील करुणरसाची तुलना इटलीतील थोर चित्रांशी केली. ते कौतुक अस्थानी होते असे नाही. पण ती राजकन्या मरत नव्हती. चौकटीबाहेरची भिंत एकत्र वाचली तेव्हा उलगडा झाला की, ही बुद्धाचा बंधू नंद याची पत्नी सुंदरी आहे. नंदाने प्रव्रज्या घेतली आणि त्याचा मुकुट घेऊन सेवक परत आला; तो मुकुट पाहून तिला आपला पती परत यावयाचा नाही हे कळले. अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्यामुळे ही कथा संस्कृतज्ञांस सुपरिचित आहे. मृत्यूचे चित्र आणि विरहाचे चित्र यांत भेद केवढा! आणि तो भेद एका हाताच्या अंतरावर, प्रतीच्या कडेबाहेर, भिंतीवर स्पष्ट काढलेला होता.

याहूनही दूरगामी परिणाम झाला तो पहिल्या लेण्यातील एका राजसभेच्या चित्राचा. त्यात टोपी व लांब अंगरखा घातलेले परदेशी लोक राजास नजराणे देत आहेत. ग्रिफिथ्स यांच्या प्रतींचे काम चालू असतानाच, 1879 साली, फर्ग्युसन यांनी असे प्रतिपादन केले की, इराणचा बादशहा खुस्रो दुसरा याचा वकील चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी याच्या दरबारी आला, त्या प्रसंगाचे हे चित्र होय. अरबी भाषेत लिहिणाऱ्या तबरी या इतिहासकाराने एका हिंदी राजाचा व खुस्रोचा पत्रव्यवहार झाल्याचे लिहिले आहे, त्याचा आधार त्यांनी घेतला. त्याच लेण्याच्या छतावरील मद्यपान करणाऱ्या परदेशी जोडप्यांत त्यांस खुस्रो व शिरीन दिसले. या एका ओळखीवरून पहिल्या लेण्याचा काळ सातव्या शतकात गेला. आपल्या शाळांतील इतिहासाच्या पुस्तकांतूनही हा इराणी वकील कित्येक पिढ्यांनी पाठ केला. ज्याने नर्मदेपलीकडील हर्षास अडविले त्या पुलकेशीचे प्रत्यक्ष चित्र आपणांस उपलब्ध आहे, ही कल्पनाच इतकी मोहक होती की तिची परीक्षा घेण्यास मन धजेना.

ती परीक्षा दुसऱ्याच एका प्रकारच्या प्रतींनी घेतली. चित्रांची प्रत होते तशी अक्षरांचीही होते. शिलालेखावर ओला कागद ठोकून जो ठसा घेतात तो अक्षरांची प्रतच होय. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1863 साली अजिंठ्याचे लेख वाचून त्यांचे पाठ व भाषांतर विद्वानांपुढे मांडले. सोळाव्या लेण्यातील लेखात वाकाटक राजांची वंशावळ आहे, आणि ते लेणे हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने खोदविल्याचे त्यात म्हटले आहे. पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे सर्व लेख एकत्र संपादून 1963 साली प्रसिद्ध केले, तेव्हा हा वंश आपल्या इतिहासात पक्का उभा राहिला. हरिषेण हा पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील राजा. पुलकेशीच्या आधी दीडशे वर्षे. या पायावर स्पिंक यांनी आपली इमारत रचली. अर्धवट सोडलेले खांब, घाईने बसविलेल्या मूर्ती, दारांच्या खाचा यांचा लेण्यालेण्यांतून माग काढून त्यांनी असे मत मांडले की, महायान काळातील सारे काम सुमारे 462 ते 480 या अठरा वर्षांत उरकले आणि हरिषेणाच्या मृत्यूनंतर ते अकस्मात् थांबले. हा काळ फार आखूड होतो, असे अनेकांस वाटते आणि वाद संपलेला नाही. परंतु पहिल्या लेण्यातील चित्रे पाचव्या शतकातील आहेत याविषयी आज बहुतेकांचे एकमत आहे. तसे असेल तर पुलकेशी त्या राजसभेत बसू शकत नाही. श्लिंगलॉफ यांनी त्या चित्राचा संबंध महासुदर्शन राजाच्या कथेशी जोडला आहे. चक्रवर्ती राजाच्या दरबारी देशोदेशीचे लोक नजराणे आणतात, तेव्हा चित्रकाराने आपल्या काळी समुद्रमार्गे व्यापारास येणारे इराणी लोक डोळ्यांसमोर धरून ते रंगविले, इतकेच. एक वकील गेला. पण त्याच्या जागी पाचव्या शतकातील दक्षिणेचा परदेशांशी असलेला व्यापार दिसू लागला. आमच्या मते या अदलाबदलीत इतिहासाचा तोटा झालेला नाही.

प्रतींची परंपरा विसाव्या शतकातही चालू राहिली. क्रिस्टियाना हेरिंगहॅम या विदुषीने 1909 ते 1911 या काळात दोनदा अजिंठ्यास मुक्काम केला. चेन्निनो चेन्निनी याच्या चित्रकलेवरील जुन्या इटालियन ग्रंथाचे त्यांनी भाषांतर केले होते, त्यामुळे भिंतीवरील रंगकामाचे मर्म त्या जाणत होत्या. त्यांच्या साहाय्यास नंदलाल बोस, असितकुमार हालदार, वेंकटप्पा, समरेंद्रनाथ गुप्त हे तरुण बंगालहून, तर सय्यद अहमद व महंमद फजलुद्दीन हे हैद्राबादेहून आले. या प्रतींचा ग्रंथ 1915 साली निघाला. परंतु तो निघण्यापूर्वीच बाईंस मानसिक व्याधीने ग्रासले, आणि उरलेले आयुष्य त्यांनी रुग्णालयात कंठिले. त्यांच्या प्रतींपेक्षाही मोठा ठेवा त्या तरुणांच्या बोटांत राहिला. भिंतीवरील रेषा गिरविता गिरविता नंदलालांच्या हातास जे वळण लागले, ते पुढे शांतिनिकेतनच्या साऱ्या कलेत उतरले. प्रत कधी कधी कागदावर राहत नाही, माणसात राहते. त्यानंतर 1916 ते 1918 या वर्षांत जपानी चित्रकार आराई कांपो यांनी जपानी कागदावर प्रती केल्या. त्या टोकियोच्या विद्यापीठात जपून ठेविल्या होत्या. 1923 च्या भूकंपात त्याही गेल्या. दोन आगी आणि एक भूकंप!

इकडे 1914 साली निजामाच्या राज्यात पुराणवस्तु खाते निघाले आणि त्याची सूत्रे गुलाम यझदानी यांच्या हाती आली. त्यांच्या कारकिर्दीत 1920 ते 1922 या काळात चेक्कोनी व ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांनी सुटू लागलेला गिलावा पक्का केला. त्यांचे हे उपकार मोठे आहेत. पण त्यांनी वापरलेले लाखेचे द्रावणही कालांतराने पिवळे पडले, आणि ते काढण्याचे नाजूक काम पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांवर आले. यझदानी यांचा ‘अजंता’ हा ग्रंथ 1930, 1933, 1946 व 1955 असा पंचवीस वर्षांत चार भागांनी पुरा झाला. त्याच्या पूर्ण नावातच ही चित्रे ‘छायाचित्रणावर आधारलेली’ असल्याचे म्हटले आहे. म्हणजे कॅमेऱ्याने अखेर रंगाचा प्रश्न सोडवून भिंतीत प्रवेश मिळविला होता. याच सुमारास, 1932 साली, औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी लेण्यांवरील आपला मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वतः चित्रकार असलेल्या एका मराठी संस्थानिकाने सामान्य वाचकासाठी असा ग्रंथ सिद्ध करावा, ही गोष्ट आपणांस अभिमान वाटण्यासारखी आहे.

1998 साली बिनॉय बहल यांचा छायाचित्रसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यांनी 1991 व 1992 च्या सुमारास लेण्यांत प्रखर दिवे न लावता, अत्यंत मंद उजेडात कॅमेऱ्याचा डोळा दीर्घकाळ उघडा ठेवून छायाचित्रे घेतली. मानवी डोळ्यास जे काळोखातून उलगडत नव्हते ते त्या चित्रांत उमटले. भिंतीस न शिवता, तिच्यावर रोगण न चढविता, तिला प्रखर प्रकाशाचाही त्रास न देता तिची प्रत घ्यावी, हे जे सव्वाशे वर्षे साधले नव्हते, ते येथे बऱ्याच अंशी साधले. परंतु येथेही सावध राहिले पाहिजे. अशा छायाचित्रात जो उजळ पद्मपाणी दिसतो, तो लेण्यात उभे राहून कोणासही तसा दिसत नाही, आणि पाचव्या शतकातील भिक्षूस दिव्याच्या हलत्या ज्योतीत जो दिसला असेल तो तर याहून निराळाच. छायाचित्र खोटे नाही. तथापि तेही एका विशिष्ट उजेडातले एक दर्शन आहे.

तर मग यांतील खरे कोणते? आमच्या अल्पमतीस असे वाटते की, गिल, ग्रिफिथ्स, हेरिंगहॅमबाई, यझदानी, बहल यांपैकी कोणा एकाचा अजिंठा खरा मानून चालत नाही. हे सर्व निरनिराळ्या वर्षी दिलेल्या साक्षी आहेत. ग्रिफिथ्स यांच्या प्रतीत जो चेहरा आहे तो यझदानींच्या पानावर अर्धा उरला असेल, तर त्या दोहोंमधील वर्षांत काय घडले ते कळते. दोन साक्षींत विसंगती आढळली म्हणजे तेथे थांबून विचारावयाचे, आणि शिलालेखास, बौद्ध ग्रंथांस व मूळ भिंतीस पुन्हा प्रश्न करावयाचा. मरणोन्मुख राजकन्येस तिचे नाव याच रीतीने परत मिळाले आणि इराणी वकिलाचा उलगडा याच रीतीने झाला. चित्रांचा मोठा ग्रंथ पाहताना आपण सामान्य वाचकांनीही तीन गोष्टी विचारण्याची सवय लावून घ्यावी: हे चित्र कोणत्या साली घेतले, कोणत्या उजेडात घेतले, आणि त्याच्या चौकटीबाहेर काय राहिले.

लेण्यांतील चित्रे आजही झिजत आहेत. माणसांच्या श्वासातील ओलाव्यानेदेखील त्यांस अपाय होतो. तेव्हा यापुढे पुष्कळांस अजिंठा पुस्तकांतूनच पाहावा लागेल, आणि ज्यांचे त्या चित्रांवर खरे प्रेम आहे त्यांस यात उणेपणा वाटू नये. रॉबर्ट गिल हे 1879 साली मरण पावले व त्यांचे थडगे भुसावळ येथे आहे. अजिंठ्यास जाणारे असंख्य प्रवासी भुसावळ स्थानकावरून जातात. त्या थडग्याकडे वळणारा क्वचितच एखादा. त्यांच्या वीस वर्षांच्या श्रमाची चारपाच कापडे व एक लहानसे चिकटवहीवजा पुस्तक आज जगात उरले आहे. परंतु आपल्या भिंतीवरचा पद्मपाणी हा शेवटी त्याच परंपरेतून आपल्या घरी आला आहे. पुढच्या खेपेस त्याच्यासमोर उभे राहू तेव्हा, त्याला प्रथम घडविणाऱ्या अज्ञात चित्रकाराबरोबर, त्याची प्रत काढता काढता ज्यांचे आयुष्य सरले आणि ज्यांची प्रतही उरली नाही, त्यांचेही स्मरण करणे उचित होईल.